‘एका किडनीवर माणूस जगतो’, पण कोणता माणूस?

संपादक महोदय,

‘किडनीत गाठ’ म्हटले की घरातले सगळे थेट कॅन्सरपाशीच जाऊन थांबतात. आमचेही तेच झाले. थोरल्या बहिणीची पित्ताशयातल्या खड्यांसाठी सोनोग्राफी केली, तर उजव्या किडनीत ३ सेंटिमीटरची गाठ दिसली. पहिल्याच डॉक्टरांनी सांगितले, “किडनी काढून टाकू. एका किडनीवर माणूस आरामात जगतो.” दुसऱ्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन करायला लावले. गाठीत चरबी स्पष्ट दिसली. अँजिओमायोलायपोमा, म्हणजे रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबी यांची साधी, म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ. किडनी जागेवर आहे. ठरल्या वेळी सोनोग्राफी करतो, एवढेच.

‘एका किडनीवर माणूस जगतो’ हे वाक्य खोटे नव्हते, पण ते धडधाकट किडनीदात्याला लागू. बहिणीला १२ वर्षांचा मधुमेह, वर रक्तदाब. तिची दुसरी किडनी किती भार पेलेल, हे कोणी तपासलेच नव्हते. “क्रिएटिनिन नॉर्मल आहे ना!” हे उत्तर मिळाले. क्रिएटिनिन म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ. पण किडनीची निम्मी ताकद जाईपर्यंत क्रिएटिनिन नॉर्मल दिसू शकते, हे आम्हाला फार उशिरा कळले. ईजीएफआर (किडनी रक्त किती वेगाने गाळते याचा अंदाज) आणि लघवीतली प्रथिने बघायला हवी होती.

प्रत्येक गाठ स्कॅनवर अशी ओळखू येत नाही, हेही मान्य. ऑन्कोसायटोमा हा किडनीतल्या गाठीचा दुसरा प्रकार, तोही साधाच, पण दिसतो हुबेहूब कॅन्सरसारखा. तिथे बायोप्सी किंवा शस्त्रक्रिया टळत नाही. मात्र गाठ लहान असेल तर बहुतेकदा तेवढीच काढून बाकी किडनी वाचवता येते. ४ सेंटिमीटरपर्यंतच्या, कॅन्सरचा संशय घेऊन काढलेल्या गाठींपैकी साधारण पाचातली एक साधी निघते. मग अख्खी किडनी काढायची घाई कशाला?

अर्थात साधी म्हणून फाइल कपाटात टाकूनही चालत नाही. अँजिओमायोलायपोमा ४ सेंटिमीटरच्या पुढे गेला की फुटून आत रक्तस्राव होण्याची भीती वाढते, गरोदरपणात विशेष. कुशीत अचानक असह्य कळ, लघवीतून रक्त, चक्कर असे झाले तर तडक रुग्णालय गाठायचे. तिथे पुष्कळदा गाठीची रक्तवाहिनी आतून बंद करून किडनी वाचवता येते.

आपल्या आरोग्य पुरवणीत एखाद्या किडनीतज्ज्ञाकडून यावर सविस्तर लिहून घ्यावे, ही विनंती. आम्ही दुसरे मत घेतले तेही शेजारच्या काकूंनी हट्ट धरला म्हणून.

– एक वाचक