बाबा, ट्यूडलीचा निळा

टनब्रिज, केंट
रविवार संध्याकाळ

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा दादाचा फोन आला होता. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर तुम्ही आधी बाहेरचा पाण्याचा पिंप बघितलात आणि म्हणालात, "अरे, हा इतका निळा आहे होय!" ते ऐकलं तेव्हाच ठरवलं, की ट्यूडलीबद्दल तुम्हाला सविस्तर लिहायचं.

इथून दोनेक मैलांवर शेतांच्या मध्ये ट्यूडली म्हणून छोटीशी वस्ती आहे. तिथलं ऑल सेंट्स चर्च बाहेरून अगदी साधं, विटांचा बुटका मनोरा. दार ढकलून आत गेलं, की बाराच्या बारा रंगीत काचेच्या खिडक्या चित्रकार मार्क शागालच्या! ज्याच्या सगळ्या खिडक्या शागालने केल्या असं जगात हे एकच चर्च आहे. इंटरमिजिएटच्या वेळी तुम्ही आम्हाला त्याची उडणारी माणसं दाखवली होती ना, तोच. ती छपाई काळी-पांढरी होती आणि रंग तुम्ही तोंडाने सांगितले होते.

यामागची गोष्ट दुःखाची आहे. इथल्या सर हेन्री दाविग्दोर-गोल्डस्मिड यांची मुलगी सारा १९६३ साली शिडाच्या बोटीच्या अपघातात बुडाली. अवघी २१ वर्षांची होती. तिने आणि तिच्या आईने १९६१ मध्ये पॅरिसला शागालच्या जेरुसलेमसाठी केलेल्या खिडक्या पाहिल्या होत्या. म्हणून आईवडिलांनी तिच्या आठवणीसाठी त्यालाच गळ घातली. वडील ज्यू, आई अँग्लिकन, चित्रकार ज्यू आणि खिडकी चर्चची. १९६७ मध्ये पूर्वेची मोठी खिडकी बसली तेव्हा शागाल स्वतः आला होता. चर्च बघून म्हणाला, सगळ्याच करतो. शेवटच्या खिडक्या १९८५ मध्ये बसल्या, त्याच वर्षी तो गेला.

पूर्वेच्या खिडकीत खाली लाटांमध्ये सारा आडवी तरंगते आहे. बाजूला शोक करणारी माणसं आहेत. मधून एक शिडी वर जाते आणि टोकाला क्रूसावरचा ख्रिस्त आहे. त्याच्या चेहऱ्यावर यातना नाहीत, तो वरून शांतपणे बघतो आहे. मी पुढच्या बाकावर कितीतरी वेळ बसून होते. ज्या पाण्याने मुलगी नेली तेच पाणी तिच्या आईसमोर इतकं सुंदर करून ठेवायला त्या माणसाची छाती किती मोठी असेल! मला रडू आलं बाबा, पण ते दुःखाचं होतं असं म्हणता येणार नाही.

आता तुमच्या कामाचं सांगते. काच रंगवलीय म्हणावी, तर तसं नाही. फ्रान्समधल्या रँसचे काचकारागीर शार्ल मार्क यांच्याबरोबर शागालने हे काम केलं. पांढऱ्या काचेवर रंगीत काचेचा पातळ थर असतो, तो अ‍ॅसिडने हवा तिथे कमी करत जायचं. त्यामुळे एकाच तुकड्यात गडद निळ्यापासून जवळजवळ पांढऱ्यापर्यंत सगळ्या छटा मिळतात, मध्ये जोड नाही. त्यावर ब्रशने करडी-काळी रेघ. जवळ जाऊन पाहिलं तर ब्रशचे फटकारे आणि ओरखडे स्पष्ट दिसतात. तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्यासुद्धा आकृतीच्या कडेने निमूटपणे जात नाहीत, चित्रातून मनासारख्या धावतात. तुम्ही वर्गात म्हणायचात, "रेघ घाबरली की चित्र मेलं." इथे एकही रेघ घाबरलेली नाही.

दक्षिणेकडच्या दोन खिडक्या मात्र पिवळ्याधमक. दुपारी ऊन आलं तेव्हा बाकावर आणि माझ्या हातावर हळदीसारखा उजेड पडला. जुन्या व्हिक्टोरियन काचा काढाव्या लागल्या, त्यावर बरीच चर्चा झाली होती म्हणे. पण त्या टाकल्या नाहीत, बाजूच्या खोलीत मागून दिवा लावून जपून ठेवल्यात. हे मला फार आवडलं.

सोबत पूर्वेच्या खिडकीचं पोस्टकार्ड ठेवलंय. डॉक्टरांनी सांगितलेले थेंब आईकडून वेळेवर घालून घ्या. मग सकाळच्या उजेडात ओसरीवर बसून ते कार्ड बघा आणि मला लिहा, साराच्या अंगाखालचा निळा कोबाल्ट म्हणायचा की अल्ट्रामरीन? मला वाटतं कोबाल्ट.

आईला नमस्कार, दादा-वहिनींना आठवण सांगा.

तुमची,
ताई