दुपारी अडीचची तिन्हीसांज

त्रोंडहाइम, नॉर्वे

प्रिय आई-बाबा,
शालोम.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तिथं शब्बाथ पाळणं जमतं का गं?" मी नुसतं "हो" म्हणाले आणि फोन तुटला. तुमच्या आवाजातली काळजी मात्र माझ्याजवळच राहिली, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

सध्या इथं सूर्य सकाळी दहाच्या सुमाराला उगवतो आणि दुपारी अडीचला मावळतो. आपला ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी रात्री संपतो, म्हणून सूर्य मावळण्याआधी शुक्रवारचे माझे दिवे लागले पाहिजेत. आई, तू दुपारची झोप काढून उठतेस, चहा घेतेस, मग शब्बाथच्या तयारीला लागतेस. मला सगळं गुरुवारी रात्रीच उरकावं लागतं. काळ्या मनुका भिजत घालायच्या, पोळ्या लाटायच्या, माशाचं कालवण करून ठेवायचं. शुक्रवारी एक वाजता कामावरून निघते. नोकरी स्वीकारतानाच मी साहेबांना सांगितलं होतं की हिवाळ्यात शुक्रवारी लवकर जाईन, ते तास इतर दिवशी भरून देईन, आणि शनिवारी फोन उचलणार नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "तारखा आधी कळवाल का?" आता शरद ऋतू लागला की मी सगळ्या शुक्रवारच्या सूर्यास्ताच्या वेळा छापून त्यांच्या टेबलावर ठेवते. लपूनछपून पाळण्यात जीव थकतो, बाबा. सांगून पाळलं की लोक वाट मोकळी करून देतात, निदान मला तरी दिली.

जूनमध्ये सगळं उलटं होतं. सूर्य रात्री साडेअकराला टेकतो आणि तीनच्या सुमाराला परत वर येतो. मधल्या वेळात खरा काळोख होतच नाही. तीन तारे दिसले की शब्बाथ संपला, असं तुम्ही मला गच्चीवर उभं करून शिकवलंत, पण इथल्या जूनच्या आभाळात तारे कुठले दिसायला! त्या दिवसांत शुक्रवारी मी ऊन असतानाच शब्बाथ घेते, तेवढी मुभा धर्मात आहे. शनिवारी रात्री तशीच झोपते आणि हवदाला, म्हणजे शब्बाथला निरोप द्यायचा विधी, रविवारी करते. तेव्हा दिवा आणि लवंगांचा वास वगळून फक्त प्याल्यावरचे आशीर्वाद म्हणायचे असतात.

खाण्याची काळजी आईला जास्त, म्हणून तेही लिहिते. जनावर आधी बेशुद्ध केल्याशिवाय कापायला या देशात 1930 पासून कायद्यानं बंदी आहे, त्यामुळे आपल्या पद्धतीचं मांस इथं तयारच होत नाही. परदेशातून येतं, तेही महाग. मी घरात मांस आणतच नाही. पण आई, मासा इथला फार चांगला आहे. सामन आहे, कॉड आहे, आपल्या बांगड्याचा भाऊबंद मॅकरेल आहे, सगळ्यांना पर आणि खवले, म्हणजे आपल्या धर्मात चालणारे. उन्हाळ्यात हे लोक धक्क्यावर बसून उकडलेली कोळंबी पाव आणि लिंबाबरोबर खातात, त्यांचा तो मोठा आनंद असतो. मीही सोबत जाते, माझा पाव आणि उकडलेलं अंडं घेऊन. पहिल्या वर्षी सगळ्यांनी कारण विचारलं. तेव्हा मी त्यांना आपले बेने इस्राएल पूर्वज कोकणात नवगावला कसे आले, ती गोष्ट सांगितली. गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका किनाऱ्याला लागल्या, पोथ्या समुद्रात गेल्या. पुढे कित्येक पिढ्यांनी दावीद रहाबी नावाचा बाहेरचा ज्यू आला. त्यानं सगळ्या प्रकारचे मासे समोर ठेवले, तर आपल्या बायकांनी खवल्यांचे तेवढे निवडून बाकीचे बाजूला सारले, आणि हे ज्यूच आहेत हे त्यानं ओळखलं. सगळे कान देऊन ऐकत होते. समुद्रावर जगणाऱ्या माणसांना ही गोष्ट लगेच कळते.

लहानपणी ती गोष्ट मला नुसती आवडायची. आता तिचा आधार वाटतो. त्या चौदा जणांकडे ना तोरा हा धर्मग्रंथ होता, ना सिनेगॉग म्हणजे प्रार्थनाघर, ना प्रार्थना म्हणणारा हजान. पुढच्या पिढ्यांनी तेलाचे घाणे चालवले, कोकणची बोली घेतली, साडी नेसली, पुरणपोळी केली, पण शनिवारी घाणा बंद ठेवला. गावानं त्यांना शनिवार तेली म्हटलं. प्रार्थना विसरल्या, तरी देव एक आहे म्हणणारा शेमा तोंडात राहिला. एक दिवस सोडायचा, काही जिन्नस ताटात घ्यायचे नाहीत, मुलग्याची सुंता आठव्या दिवशी करायची, आणि देव एक आहे हे उठता-झोपता म्हणायचं. एवढ्यावर शेकडो वर्षं निभावली. परक्या मुलखात आधी सिनेगॉग हवं, समाज हवा, मग धर्म टिकेल असं आपल्यातले पुष्कळ जण म्हणतात. मला ते पटत नाही. आधी घर हवं, आणि घरातला शुक्रवार हवा.

पण बाबा, सिनेगॉग आहे हो इथं. जगातल्या सगळ्यात उत्तरेकडच्या सिनेगॉगांमध्ये त्याचं नाव घेतात. मूळची ती रेल्वे स्टेशनची इमारत, 1925 मध्ये तिचं सिनेगॉग झालं. ज्या देशाच्या 1814 च्या राज्यघटनेत ज्यूंना पाऊल ठेवायची बंदी लिहिलेली होती आणि ती 1851 पर्यंत उठली नाही, तिथं हे उभं राहिलं. 1942 च्या ऑक्टोबरात नाझींनी या शहरातले ज्यू पुरुष पकडले. नॉर्वेतून सातशेहून जास्त माणसं नेली, त्यातली चाळीसही परतली नाहीत. सिनेगॉगची जर्मन सैनिकांनी बराक केली होती. 1947 मध्ये उरलेल्यांनी ते पुन्हा वाहून घेतलं. शहरातल्या काही घरांसमोर फरसबंदीत पितळी चौकोन बसवलेत, त्यांवर नेलेल्यांची नावं आहेत. मी थांबून वाचते. कोकणात आपल्याला शेजाऱ्यांनी कधी धर्मावरून हात लावला नाही, हे केवढं मोठं देणं आहे ते मला त्या चौकोनांजवळ उभी राहिल्यावर समजलं.

इथला समाज अगदी लहान, पण मायाळू आहे. किप्पूरच्या उपासाच्या सणाला मी आईची पांढरी साडी नेसून, वर जाड कोट घालून जाते. एकच गोष्ट खटकते. शब्द आपलेच, चाली मात्र वेगळ्या. त्या सुंदर आहेत, पण माझं मन त्यांच्यात अजून भिजत नाही. दिवसभर उपास करून मी शेवटच्या प्रार्थनेला आतल्या आत तुमची चाल म्हणते, आणि तेव्हा कुठे मला देवासमोर उभं राहिल्यासारखं वाटतं.

म्हणून एक मागणं आहे. इस्राएल आळीत आता मोजकीच घरं राहिली, आणि जुन्या चाली पूर्ण येणारे तुम्ही आणि दोघं-तिघं काका. एखाद्या आठवड्याच्या दिवशी, शब्बाथ किंवा सण सोडून, सगळे आपल्या मागेन आबोथ सिनेगॉगमध्ये बसा आणि फोनवर त्या रेकॉर्ड करा. किप्पूरच्या आधी, मग नव्याच्या सणाच्या, म्हणजे आपल्या नववर्षाच्या, मग एलियाहू हनबी या संदेष्ट्याची, मलिद्याच्या, म्हणजे गोड पोह्यांच्या नैवेद्याच्या वेळी म्हणतो ती. आवाज कापला तरी चालेल, मध्ये खोकला आला तरी पुसू नका. कुठे ओढायचं, कुठे थांबायचं, ते बोलूनही ठेवा. मी शिकून तुम्हाला म्हणून दाखवीन. चुकले तर नेहमीसारखं मध्येच थांबवा.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल, मावशीबरोबर मागव. मलिद्याचे पोहे इथं मिळतात, वेलचीही. खोबरं तेवढं सुकं मिळतं.

तुमची लेक