बियांच्या पाकिटांबरोबर रताळ्याचे वेलही द्या

संपादक महोदय,

पावसाळा जवळ आला की आमच्या भागात परसबागेची हवा सुरू होते. कुठल्यातरी कार्यक्रमात बायकांना बियांची पाकिटं वाटतात, फोटो निघतात, आणि पाकिटात काय तर भेंडी, दोडकी, काकडी, तांबडी भाजी. चांगलंच आहे, मी पण घेते आणि लावते. पण गोव्यातल्या परसात सगळ्यात कमी लाड मागणारं पीक म्हणजे रताळं, ते या पाकिटात कधीच नसतं, आणि असणार तरी कसं, रताळं बियांवर लावतच नाहीत, त्याला वेलीचे तुकडे लागतात. म्हणजे जे पाकिटात मावत नाही ते योजनेतूनच गळतं. सुरण, माडी (अळवाचा कंद), हळद, आलं सगळ्यांची हीच गत. चवथीला खतखतं, म्हणजे कंदं-भाज्यांची मिसळ भाजी, करायचं तर निम्मी कंदं आपण बाजारातून आणतो, आणि बाजारात ती बरीचशी बेळगावकडून येतात.

मुळात वेळेचं गणित बघा. सरदाचं, म्हणजे पावसाळी, भात कापून झालं, पाऊस गेला, जमिनीत ओल अजून आहे, हा रताळ्याचा खरा मोसम. दिवाळीच्या आसपास वेल लावले की साडेतीन-चार महिन्यांनी, म्हणजे महाशिवरात्रीच्या सुमाराला काढायला येतात, नेमकी उपासाची मागणी असते तेव्हा. आणि हे वायंगणी (उन्हाळी पिकाच्या) शेतातच करायला पाहिजे असंही नाही, दहा बाय दहाची उन्हाची जागा पुरते. ऊन मात्र पाहिजेच. माडाच्या नाहीतर पोफळीच्या सावलीत लावलंत तर पाला झकास येईल आणि खाली नुसती मुळं.

आमची जमीन जांभ्याची, खड्यांची, त्यात कंद वेडेवाकडे होतात म्हणून लोक नाद सोडतात. त्यावर सोपा उपाय, सपाट जमिनीत लावूच नका. कुजलेलं शेणखत आणि थोडी रेती घालून फूटभर उंच वरंबा करा, दोन वरंब्यांमध्ये दोन फूट जागा सोडा. वेलीचा शेंड्याकडचा वीतभर किंवा थोडा मोठा तुकडा घ्या, तीन-चार डोळे (पान फुटतं त्या गाठी) असलेला, मधले दोन डोळे मातीत जातील असा तिरका खोचा, पुढचा तुकडा वीतभर अंतरावर. टेरेसवाल्यांनी मोठी ग्रो बॅग घ्या, त्यातही होतात, थोडी बारीक होतात एवढंच. आणि युरियाच्या मागे लागू नका. नत्र जास्त झालं की सगळा जोर पानात जातो. त्यापेक्षा चुलीची राख घाला, कंद भरायला पोटॅश लागतं ते तिच्यात असतं.

पहिला महिनाभर तण काढा, पाणी द्या, मग वेलच जमीन झाकून टाकतो. एक काम चुकवू नका, पसरलेले वेल अधूनमधून उचलून परत ठेवायचे, नाहीतर डोळ्याडोळ्याला मूळ धरतं आणि बोटाएवढी बारीक रताळी जागोजाग होतात, एकही पोसत नाही. कोवळे शेंडे भाजीला काढा, खोबरं घालून छान लागते, पण एकाच वेलीला ओरबाडू नका.

खरा शत्रू सोंड्या भुंगा. लांबून मुंगीच वाटते, निळसर काळी, मधे तांबूस. वरंबा सुकून भेगा पडल्या की तिथून आत शिरतो, कंदाला भोकं पाडतो, आणि किडलेलं रताळं असं कडू होतं की गुरांनाही घालू नये. फवारणी करून कंदात शिरलेल्या त्याच्या अळीला फारसं काही होत नाही. महिन्याने एकदा आणि मग परत एकदा वरंब्याला मातीची भर द्या, कंद उघडा पडू देऊ नका, पुढच्या वर्षी जागा बदला, आणि किडलेल्या वाफ्यातला वेल लावायला घेऊ नका. रानडुकरांचं काय करायचं ते मात्र मला विचारू नका, जंगलाकडच्या सत्तरी-सांगे तालुकेवाल्यांना त्याचं दुःख माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पानं पिवळी पडायला लागली की एक कंद काढून कापून बघा. चीक पटकन सुकला आणि काप पांढराच राहिला तर तयार, हिरवट काळा पडला तर अजून थांबा. काढल्यावर धुवायचं नाही, सावलीत आठवडाभर वाऱ्यावर ठेवायचं म्हणजे साल घट्ट होते, खरचटलेलं भरून येतं आणि गोडी वाढते. फ्रीजमध्ये तर अजिबात नको, थंडीने आतून खराब होतात. आणि कुकरपेक्षा चुलीच्या निखाऱ्यात का गोड लागतं तेही सांगते, हळूहळू तापलं की आतल्या पिठाची साखर व्हायला वेळ मिळतो, कुकर ती सवड देत नाही.

आता मुद्दा असा की एवढं सोपं असून लोक लावत का नाहीत, तर वेल मिळत नाही म्हणून. मोठी वांगी-मिरचीची रोपं विकणारे भरपूर, रताळ्याचा वेल विचारला की दुकानदार बघतच राहतो. बाजारातलं रताळं मातीत पुरून वेल काढता येतो, पण त्याला दीडेक महिना जातो आणि ते रताळं कुठल्या जातीचं, किडकं की निरोगी, काही कळत नाही. चांगल्या जाती आहेत की. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण अश्विनी आहे, आपल्यासारख्याच हवेतली. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पीक संशोधन संस्थेची केशरी गराची भू सोना आहे, तिच्यात १०० ग्रॅममागे साधारण १४ मिलिग्रॅम बीटा कॅरोटिन, ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व होतं, म्हणजे शाळेतल्या मुलांना मुद्दाम द्यावी अशी, जांभळ्या गराची भू कृष्णा आहे. जुन्या गोव्यात आपल्याकडेच आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) किनारपट्टी शेती संशोधन संस्था आहे, तिथून निरोगी वेल मिळवून देणं कृषी खात्याला काही जड नाही.

माझं मागणं छोटं आहे. प्रत्येक पंचायतीत एक वाफा ठेवा, शाळेच्या आवारात चालेल, महिला मंडळाला द्या चालेल, पाणी तुंबणार नाही अशा उंच जागी. जूनमध्ये त्यात वेल लावायचे, पावसाळाभर वाढवायचे आणि ऑक्टोबरात ज्याला पाहिजे त्याला शेंडे कापून द्यायचे. एकदा कापलेला वेल परत फुटतो, त्यामुळे दरवर्षी विकत घ्यायची भानगडही नाही. पाकिटांची ऑर्डर एप्रिल-मे मध्येच जात असेल ना, त्याच कागदावर वेलांची एक ओळ वाढवा, दिवाळीच्या तोंडावर धावपळ करून वेल मिळत नाहीत.

आपली,
एक गृहिणी, डिचोली