संचालकपदाच्या उमेदवारांची परिचयपत्रके वाचण्याबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, निवृत्तिवेतन निधीच्या संचालक मंडळासाठी उभ्या असलेल्या उमेदवारांची परिचयपत्रके पाठविण्यात आली असून, ती मतदानापूर्वी बारकाईने वाचावीत. पदव्या आणि हुद्दे यांपेक्षा उमेदवाराने गुंतवणूक, विमागणित (निधीला पुढे द्याव्या लागणाऱ्या रकमांचा हिशेब), लेखापरीक्षण किंवा कायदा यांपैकी कोणते काम प्रत्यक्ष केले आहे, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते. मंडळावर केवळ तज्ज्ञच असावेत, असा मात्र याचा अर्थ नाही. विमागणितज्ञाच्या अहवालात भावी देण्यांसाठी व्याजदर कोणता गृहीत धरला आहे, हे विचारणारा कर्मचारी-प्रतिनिधीही तितकाच आवश्यक असतो. कारण हा दर अर्धा टक्का जरी वाढवून धरला, तरी भावी देण्यांचे आजचे मूल्य कमी दिसते आणि निधीची तूट कागदावर बरीच आकसते. ब्रिटनमध्ये वृत्तपत्र-उद्योजक रॉबर्ट मॅक्सवेल यांच्या प्रकरणात मालकानेच कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतन निधीचा पैसा वळविल्याचे उघड झाल्यानंतर, १९९५ च्या निवृत्तिवेतन कायद्यात निधीचे किमान एक तृतीयांश विश्वस्त सभासदांनी सुचविलेले असावेत, अशी तरतूद झाली, ती उगीच नव्हे.

हितसंबंधांचा रकाना विशेष लक्षपूर्वक पाहावा. निधीला सेवा पुरविणाऱ्या कंपनीत उमेदवार किंवा त्याचे निकटचे नातेवाईक नोकरीस अथवा भागधारक असल्यास तसा स्पष्ट उल्लेख तेथे असावयास हवा. रकाना कोरा आढळल्यास ‘नाही’ असे गृहीत न धरता कार्यालयाकडे लेखी खुलासा मागावा.

सचिव