तात्पुरत्या हेलिपॅडला मोकळी वाट आणि वाऱ्याची खूण द्या

मा. मंत्री महोदय,
सार्वजनिक बांधकाम विभाग, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

सभेसाठी शाळेच्या मैदानावर हेलिपॅड करताना जमीन सपाट होते, चुन्याने गोल आखून मधे ‘एच’ काढला जातो, बॅरिकेड लागतात. हेलिकॉप्टर कुठल्या बाजूने येणार, हा प्रश्न मात्र बहुतेकदा शेवटी विचारला जातो.

चहूबाजूंनी झाडं, तारा आणि मंडप असला की पायलटला जवळजवळ सरळ खाली यावं लागतं. पुढचा वेग संपत आलेला, इंजिनाची ताकद लावलेली आणि उतरण्याचा वेग मिनिटाला ३०० फुटांच्या वर, हे तिन्ही जुळलं की पंखा स्वतःच खाली ढकललेल्या हवेत उतरू लागतो. ती हवा पात्यांच्या टोकांवरून वर वळून पुन्हा पंख्यातच ओढली जाते. हीच व्हॉर्टेक्स रिंग स्टेट. हेलिकॉप्टर थरथरतं, कंट्रोल ढिले वाटतात आणि ते खाली बसत जातं. नुसता कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढवणारा दांडा) ओढून ताकद वाढवली तर भोवरा आणखी जोर धरतो. पुढे किंवा बाजूला सरकून स्वच्छ हवेत जावं लागतं. त्यासाठी उंची हवी, आणि झाडांच्या शेंड्यांपाशी ती उरलेली नसते.

पाठीमागचा वारा तर फसवतोच. जमिनीवरून पाहता हेलिकॉप्टर १० नॉटने (ताशी सुमारे साडेअठरा किलोमीटर) पुढे येतंय आणि मागून वाराही १० नॉटचा आहे, म्हणजे हवेच्या हिशेबात ते जागच्या जागी उभं आहे. इतक्या कमी वेगात वेगाच्या काट्यावर भरवसा ठेवता येत नाही. त्यात विदर्भ-मराठवाड्यातलं एप्रिल-मेचं ऊन: हवा विरळ, इंजिनाकडे हातचं राखलेलं बळ कमी.

म्हणून विनंती अशी. जागा ठरवतानाच वाऱ्याच्या नेहमीच्या दिशेला धरून एक बाजू मोकळी निवडा. त्या बाजूला दर आठ मीटर अंतराला एक मीटर, या चढाच्या वर झाड, खांब, तार काहीही नको. तारा दुरून दिसत नाहीत. २५ मे २०१७ ला निलंग्यात मुख्यमंत्र्यांचं हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेच तारांना अडकून कोसळलं होतं. वातकुक्कुट नको, कापडी विंडसॉक (वाऱ्याने फुगून त्याची दिशा आणि जोर दाखवणारी नळी) लावा, तोही मंडपाच्या आडोशाला नाही. धूळ उडू नये म्हणून आदल्या संध्याकाळी मारलेलं पाणी दुपारपर्यंत वाळतं, तेव्हा उतरण्याच्या अर्धा तास आधी टँकर पुन्हा फिरवा, चिखल होणार नाही इतपतच. आणि मैदानावरचा वारा पायलटला रेडिओवर सांगणारा एक प्रशिक्षित माणूस तिथे उभा असू द्या.

आपले,
हेलिकॉप्टर उड्डाणक्षेत्रातील काही जण