आनंदाचं रसायन आणि माझ्या भावाची गोळी

महोदय,

‘सेरोटोनिन वाढवा, डोपामिन वाढवा, आनंदी राहा’ अशा आशयाचा, मेंदूतल्या या दोन निरोप्या रसायनांबद्दलचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला आणि पोटात गोळाच आला.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. १९९६ मध्ये त्याला हॅलोपेरिडॉल सुरू झालं. कानातले आवाज थांबले, पण अंग लाकडासारखं झालं. कपबशी हातात खडखडायची, चाळीचा जिना उतरायला दहा मिनिटं लागायची. पुढे डॉक्टरांनी रिस्पेरिडोन दिलं आणि काही महिन्यांनी तो स्वतःच्या हातानं दाढी करू लागला. आई त्या दिवशी रडली होती.

डॉक्टरांनी मला कागदावर काढून समजावलं होतं. दोन्ही गोळ्या डोपामिनचे डी२ रिसेप्टर (पेशीवरच्या, रसायनाचा निरोप घेणाऱ्या जागा) अडवतात. त्यामुळे भास थांबतात, पण हालचाल सांभाळणाऱ्या भागातही डोपामिनचं काम अडतं. तिथे सेरोटोनिन आपल्या ५-एचटी२ए नावाच्या रिसेप्टरमधून डोपामिनला आवर घालत असतं. रिस्पेरिडोन तो रिसेप्टरही अडवतं. आवर सुटला की तिथे थोडं जास्त डोपामिन मिळतं, म्हणून ताठरपणा कमी, असं मानतात. (डोस चढवला तर याही गोळीनं अंग ताठरतं.)

गेल्या गणपतीत घरी आलेल्या एका नातेवाइकानं गोळीच्या माहितीपत्रकात ‘सेरोटोनिन अडवते’ एवढंच वाचलं. “आनंदाचं रसायनच अडवलंय, म्हणून हा गप्प असतो!” भावानं ते ऐकलं. गोळ्या गादीखाली जमू लागल्या. विसर्जनानंतर तो रात्रभर खिडकीशी बोलत उभा राहायला लागला, तेव्हा आम्हाला कळलं. घडी पुन्हा बसायला दिवाळी उलटली.

सेरोटोनिनचे चौदा प्रकारचे रिसेप्टर आहेत. ५-एचटी२सी डोपामिनला दाबतो, ५-एचटी३ त्याला चालनाही देतो. मग नुसतं ‘वाढवा’ म्हणजे नेमकं काय वाढवा? लेखात केळ्याचीही शिफारस आहे. केळ्यात सेरोटोनिन असतं हे खरं, पण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही.

असे लेख छापण्याआधी कृपया मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आणि सुरू असलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये, ही ओळ ठळक अक्षरांत टाका. आमच्यासारख्या घरांत पुरवणी मोठ्यानं वाचली जाते.

— एक बहीण, काळाचौकी, मुंबई