आकाशासाठी नव्हे, ओल्या पानांसाठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पावसाळी भटकंतीच्या पानावर ‘कॅमेऱ्याला पोलरायझर लावा, आकाश निळंशार येईल’ असा एका ओळीचा सल्ला आहे. पोलरायझर म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसवायचा, चकाकी कमी करणारा फिरता फिल्टर. मी साताऱ्याचा, जीवशास्त्राचा निवृत्त शिक्षक. फुलांच्या हंगामात कासच्या पठारावर सात-आठ खेपा होतात. ऑगस्ट-सप्टेंबरात तिथं निळं आकाश दिसतंय कुठं? तरीही पोलरायझर घरी राहिला, तर यवतेश्वरच्या घाटातून स्कूटर मागं वळवावीशी वाटते.

कारण ओली पानं. सर येऊन गेली की तेरड्याच्या पानांवर, कातळावर पांढुरकी चकाकी चढते आणि खालचा रंग झाकून टाकते. फिल्टरची कडी हळूहळू फिरवत गेलं की एका जागी ती चकाकी उतरते, हिरवा रंग उघडा पडतो. हे नंतर संगणकावर जमत नाही; जो रंग कॅमेऱ्यात शिरलाच नाही, तो आणायचा कुठून? कुमुदिनीच्या तळ्यावर पाण्याशी साधारण ३७ अंशांच्या तिरक्या नजरेनं पाहिलं, तर ढगांचं प्रतिबिंब जवळजवळ पुसलं जातं आणि पाण्याखालचे देठ दिसतात. सरळ वरून वाकून फोटो काढलात, तर फिल्टर असून नसल्यासारखा.

आता खरेदी. इथं मी स्वतः आपटलो आहे. माझ्या कॅननच्या लेन्सवर १८-५५ लिहिलं आहे म्हणून मी शहाण्यासारखा ५५ चा फिल्टर मागितला, दुकानदारानंही मुकाट्यानं दिला. घरी येऊन पाहतो तर बसेना! १८-५५ हे फोकल लेंग्थचे, म्हणजे लेन्स किती रुंद किंवा किती जवळचं दाखवते त्याचे आकडे. फिल्टरचं माप लेन्सच्या तोंडाशी, शून्यावर तिरकी रेघ मारलेल्या खुणेपुढं असतं. माझ्या लेन्सचं ५८ मि.मी. आहे. माझ्या ५५-२५० चंही ५८च, आणि ५० मि.मी.च्या छोट्या लेन्सचं ४९. म्हणून सर्वांत मोठ्या मापाचा एकच बरा फिल्टर घ्यावा आणि लहान लेन्ससाठी स्टेप-अप रिंग. ती स्वस्तात मिळते. फक्त मग त्या लेन्सचं हूड बसत नाही, पावसात छत्री धरणारा सोबती लागतो.

दुसरा घोळ ‘सर्क्युलर’ शब्दाचा. ‘काका, सगळे फिल्टर गोलच असतात,’ असं मला दुकानात ऐकवलं गेलं. सर्क्युलर म्हणजे आकार नव्हे. डीएसएलआर कॅमेऱ्यातला आरसा थोडा प्रकाश ऑटोफोकसकडे पाठवतो. साध्या, म्हणजे लिनिअर पोलरायझरमधून येणारा, एकाच दिशेत कंपणारा प्रकाश त्या यंत्रणेला आणि प्रकाश मोजणाऱ्या मीटरला फसवू शकतो. म्हणून सर्क्युलरमध्ये मागच्या बाजूला आणखी एक थर असतो. खात्री करायची तर दुकानदाराचाच कॅल्क्युलेटर मागून घ्या. फिल्टर लेन्सवर असतो तसा डोळ्यापुढं धरून फिरवला की आकडे दिसणारी पट्टी एका जागी काळी होते. उलटा धरून फिरवला तर काळी होत नाही, नुसती रंगछटा बदलते. दोन्ही बाजूंनी काळी झाली, तर तो लिनिअर. अजिबातच काळी होत नसेल, तर डबीवर काहीही छापलेलं असो, तो पोलरायझरच नव्हे.

जुन्या १८-५५ चं तोंड फोकस करताना फिरतं, त्याबरोबर फिल्टरही. आधी फोकस, मग कडी. फिल्टर दीड-दोन स्टॉप प्रकाशही खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा): १/१२५ सेकंदाचा शटर थेट १/३० वर येतो, आणि कासच्या वाऱ्यात सीतेची आसवं ही इवली फुलं १/३० ला स्थिर राहत नाहीत. मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता, ४०० ची १६०० करतो. तेवढ्यानंही भागलं नाही, तर फिल्टर काढून खिशात.

आकाशासाठीच हवा असेल त्यांनी ऑक्टोबरात जावं. सूर्य खांद्याच्या बाजूला ठेवावा आणि लेन्स १८ मि.मी.वर ठेवून फार रुंद चौकट घेऊ नये, नाहीतर निळ्यात मधेच गडद पट्टा उमटतो.

तेव्हा पुढच्या वेळी अशा सल्ल्यासोबत मापाची ती खूण तरी छापावी, ही विनंती. माझा ५५ चा फिल्टर मात्र वाया गेला नाही. भाच्याच्या निकॉनच्या एएफ-पी १८-५५ ला तो नेमका बसला. त्याला वाटतं, मामानं माप विचारून आणला.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा